गोंगाटात जमा

विमलताई हळब्यांनी तंबोरा मांडीशी घेतला, चारही तारा एकदा छेडल्या आणि तारांवर हात ठेवून त्या गप्प बसल्या.

समोर पाटावर बसलेला दस्तगीर सतारमेकर हसत होता. त्याच्या कानात तंबोरा असा भरून आला होता की डोळे मिटून घ्यावेत. षड्ज गोल, खर्ज भरदार, आणि वर कुणी न छेडलेला गंधार आपसूक उमटलेला. मिरजेत आपल्यासारखी जवारी कुणी काढत नाही, हे त्याला पंचविशीपासून माहीत होतं. सासष्टाव्या वर्षी ते पुन्हा एकदा सिद्ध झाल्यामुळे स्वारी खुशीत होती.

“दस्तगीरभाई,” विमलताई म्हणाल्या, “माझी थट्टा करताय का?”

“थट्टा कसली ताई? तीन दिवस खपलोय त्याच्यावर. ऐका की, कसा बोलतोय!”

“बोलतोय? अहो, खोकतोय. रॉकेलच्या डब्यावर तार ताणून वाजवली तर याहून बरी वाजेल.”

विमलताई बहात्तर वर्षांच्या. सांगलीत पन्नास वर्षं गाणं शिकवण्यात गेलेली, आणि हा तंबोरा त्यांच्या गुरूंचा. तरीही दस्तगीरच्या मनात आलं ते असं, की बाईंचे कान गेले बिचाऱ्यांचे. त्याला त्यांची दया आली. पुढं कित्येक दिवस त्याला या दयेचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीला अगदी अलगद उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत नाचते, आणि त्या घासण्यातून एकामागून एक वरचे सूर सुटत जातात. ती जी झंकारती गुणगुण, तीच जवारी. कानशीनं हा उतार साधायचा आणि मग प्रत्येक तारेखाली सुताचा एक तुकडा सरकवून आवाज उघडायचा, एवढीच ही विद्या. एवढीच म्हणायची, पण हातात यायला अर्धं आयुष्य जातं. ते सूत काढून टाकलं तर लहान मूलही सांगेल की काहीतरी गेलं.

विमलताईंनी पहिल्या तारेखालचं सूत ओढून काढलं आणि तार छेडली. दस्तगीरच्या कानात तीच गोल, भरलेली जवारी. त्यांनी दुसऱ्या तारेचं काढलं, तिसरीचं काढलं, चौथीचंही काढलं. आवाजात तसूभर फरक नाही.

दस्तगीरचं हसू मावळलं. मग त्यानं एक गोष्ट केली. ती त्याला त्याच्या वडिलांनी शिकवली होती आणि गिऱ्हाइकासमोर कधी करायची नाही असंही बजावलं होतं. कानामागची ऐकण्याची चकती काढून त्यानं खिशात टाकली, वाकून तंबोऱ्याच्या दांडीला दात टेकवले आणि तार छेडली.

दातांना ठण्ण असं काहीतरी लागलं आणि संपलं. त्याच्यापुढं काही नाही. त्यानं घोडीवरून बोट फिरवलं. सांबरशिंगाची, साठ वर्षांची ती घोडी मधोमध खोलगट झाली होती. कानात गोड वाजतंय तर अजून गोड करू म्हणत त्यानं तीन दिवस तिच्यावर कानस चालवली होती.

“ताई, ही मी मारली,” तो म्हणाला. “माझ्या हातानं.”

विमलताईंनी तंबोरा गवसणीत घातला नाही, भिंतीला टेकवून ठेवला. दस्तगीरनं चकती पुन्हा लावेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “गुरुपौर्णिमेला दोन महिने आहेत. माझे शिष्य जमतील. तंबोरा दुसऱ्या कुणाकडं मी नेणार नाही, आणि असला परत घेणार नाही. काय करायचं ते तुम्ही बघा.”

*

त्या चकतीचं नाव कर्णिका. सतारमेकर गल्लीत ती पहिल्यांदा आली दस्तगीरच्या कानामागं, आणि आणली त्याच्या मुलीनं, तस्लीमनं.

दस्तगीरचे कान चार वर्षांपासून उतरणीला लागले होते. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. जुनी यंत्रं उरल्यासुरल्या पेशींपाशी सगळाच आवाज मोठा करून ओतत, त्यामुळं माणूस बोलू लागला की त्याच्यासोबत पंखाही ओरडे. कर्णिकेची युक्ती निराळी. कानामागच्या हाडावर चिकटणारी ही चिंचोक्याएवढी चकती आवाज टिपायची आणि तो ऐकवण्याआधी टॉवरमार्गे दूरच्या संगणकाकडं धाडायची. लाखो तासांचं बोलणं ऐकून तयार झालेला तिथला प्रोग्रॅम माणसाचा आवाज एकीकडं आणि गोंगाट दुसरीकडं करी, गोंगाट फेकून देई, बोलण्यात खळगा असेल तिथं अंदाजानं भर घाली, आणि धुऊन पुसून तयार झालेला आवाज परत पाठवी. मग चकती हाड थरथरवी आणि आवाज हाडावाटे आत उतरे. हे सगळं पापणी लवायच्या आत.

म्हणजे ऐकण्याच्या प्रत्येक क्षणाला डेटा लागे. ‘सेतू’ कंपनीच्या कुटुंब प्लॅनमध्ये तस्लीमचा फोन, हुबळीला रेल्वेत असलेल्या जावयाचा फोन, घरचा टीव्ही आणि दस्तगीरचे कान असे सगळे एका दाव्याला बांधलेले. कानांच्या वाट्याला रोज सहा तास. त्यापुढं वेग कमी होई आणि जग गोधडीत तोंड घालून बोलू लागे. एकदा नमाजात, ऐन सजद्यात, कानात एक बाई मंजुळ आवाजात म्हणाली, ‘आपला आजचा ऐंशी टक्के डेटा वापरून झाला आहे.’ दस्तगीर काटकसर शिकला. मेहुणा गप्पा मारायला आला की तो कर्णिका काढून खिशात टाकी आणि मान डोलावत बसे. मेहुण्याला वाटे, दाजी किती मन लावून ऐकतात.

घरात मात्र तो डेटा हात सैल सोडून वापरायचा, आणि त्याला कारण होतं. तस्लीम लहानपणापासून अडखळत बोलायची. शब्दाच्या उंबऱ्यावर तिची जीभ ठेचकाळे, आणि दस्तगीरचा स्वभाव उतावळा. ती ‘प… प…’ म्हणते न म्हणते तोच तो ‘पाणी? पैसे? पुस्तक?’ करून वाक्य पुरं करून टाकी. चांगल्या हेतूनंच. हळूहळू ती त्याच्यासमोर बोलेनाशीच झाली. पुढं ती नर्स झाली, लग्न झालं, पण बापाशी बोलणं ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच.

कर्णिका लागली आणि पहिल्याच दिवशी दस्तगीरच्या लक्षात आलं की पोरगी घडाघडा बोलतेय. एकही अडखळ नाही. इतकी वर्षं आपल्याला नीट ऐकूच येत नव्हतं आणि तेवढ्यात हिची जीभ सुटली, असं त्यानं धरलं. तिला कधी तसं म्हणाला मात्र नाही. चांगलं झालेलं बोलून दाखवलं की नजर लागते. आईची लागते, बापाचीही लागते. मनातल्या मनात शुक्र मानून तो गप्प राहिला. तस्लीमही जेवताना वॉर्डातल्या गोष्टी सांगू लागली, हसू लागली. तिचा आवाज ओठांच्या किंचित मागून येई खरा, पण टॉवरवर गर्दी असेल म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

एवढ्या सुखात एकच खडा होता. कर्णिकेतून जवारी ऐकू येत नव्हती, म्हणून वर्षभर त्यानं जवारीची कामं घेतलीच नाहीत. पडदे बांधले, खुंट्या बसवल्या, पॉलिश केलं. आणि गेल्या आठवड्यात अचानक, एका सकाळी, तंबोरा झंकारला. दस्तगीर लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं विमलताईंचं काम घेतलं.

*

“अभिनंदन काका, तुमचं ‘संगीत प्लस’ चालू झालंय,” सेवा केंद्रातला तरुण म्हणाला. “एक महिना मोफत दिलंय कंपनीनं.”

“म्हणजे काय केलंय?”

“आपला प्रोग्रॅम वाद्य ओळखतो आणि त्याच्या जागी उत्तम प्रतीचं वाद्य ऐकवतो. स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं. तंबोरा वाजवा, सर्वोत्तम तंबोरा ऐका.”

“अरे बाबा, पण मला समोरचा ऐकायचाय. हा.”

“त्याच्यापेक्षा चांगलाच ऐकवतोय ना आपण?”

दस्तगीरनं त्याच्याकडं बघून घेतलं. पोरगं खरोखरच विचारत होतं, त्यात लबाडी नव्हती.

“ते प्लस बंद करा,” तो म्हणाला.

“बंद केलं की साधा प्लॅन. साध्यात…” तरुणानं पडद्यावर बोट फिरवलं, “हे बघा. तारेची घरघर, पंखा, फ्रीज, भांड्यांचा आवाज. हे सगळं गोंगाटात जमा आहे.”

“जवारी गोंगाटात?”

“प्रोग्रॅमला तसं वाटतं. त्याला एकसारखा सूर कळतो. सारखं काहीतरी बदलत, थरथरत राहिलं की तो त्याला कचरा समजतो.”

“आणि मधलं काही? जे आहे ते तसंच ऐकवायचं?”

“असा प्लॅन नाही काका,” तरुण म्हणाला. “असं कुणी मागतच नाही.”

दस्तगीरला राग आला तो तिथं. घोडी फुटली तर घोडी बदलता येते. पण चाळीस वर्षं ज्या आवाजासाठी बोटं झिजवली, तो कुठल्या तरी यादीत फ्रीजशेजारी मांडून ठेवलाय आणि मांडणाऱ्यानं तो कधी ऐकलासुद्धा नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

*

लक्ष्मी मार्केटच्या मागं पद्मा ऐनापुरेचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून ती केसाएवढ्या तारा डागायची. बाजारात मिळणारी कानस तिच्या कामाला जाड पडते हे कळल्यावर दस्तगीरनंच तिला आपली एक जुनी, बारीक कानस दिली होती. तेव्हापासून त्याचा फोन बिघडला की ती इतर सगळं बाजूला ठेवायची.

तिनं कर्णिका उलटीपालटी करून पाहिली. “मामा, आत सोपं आहे सगळं. आवाज टिपायचा भाग, हाड हलवायचा भाग, आणि दोघांच्या मधी टॉवरला जाऊन यायचा रस्ता. पण कारखान्यात तपासणीसाठी एक थेट वाट ठेवलेली असती. दोन ठिपके जोडले की झालं. आवाज इकडून आत, तिकडून हाडावर. टॉवर नाही, प्रोग्रॅम नाही. डेटाबी नाही.”

“मग जोड की.”

“जोडते. पण सगळा गोंगाट अंगावर येईल, त्याची तयारी ठेवा. आणि हे बघा,” तिनं चिमट्याचं टोक चकतीच्या कडेला टेकवलं. “या डिंकात एक तार आहे. डिंक फोडला की ती तुटती, आणि तुटता तुटता ही बया कंपनीला स्वतःच चुगली करती. मग तुमचा एकट्याचा नाही, सगळ्या कुटुंबाचा प्लॅन बंद. करारात लिवलंय तसं.”

“वस्तू माझी. कान माझा.”

“वस्तू तुमची, पण उघडायचा हक्क त्यांचा,” पद्मा म्हणाली. “घरात विचारा आधी. तस्लीमताईंचं ड्युटीचं बोलावणं फोनवर येतं.”

*

बाप-लेकी घरात दखनी बोलत. इथं ती मराठीत उतरवली आहे. उतरवताना तिचा गोडवा गळाला असेल तर तो दोष आमचा.

दुपारचं जेवण झालं होतं. दस्तगीरनं सगळं सांगितलं, तंबोऱ्यापासून डिंकातल्या तारेपर्यंत. तस्लीमनं ताटं गोळा करता करता ऐकलं आणि ती ताटं तशीच ठेवून समोर बसली.

“अब्बा, तुम्ही जवारी सोडा,” ती म्हणाली. “दुसरी कामं आहेत ना. मेंदूच्या वॉर्डात कधीही बोलावणं येतं, फोन बंद ठेवून मला चालणार नाही. आणि फोनचं जाऊ दे. वर्षभर आपण बोलतोय. वीस वर्षांत बोललो नाही एवढं बोललोय. ती चकती उघडली की तुम्हाला नुसता कोलाहल ऐकू येईल, पद्माच म्हणाली ना? माझं बोलणं त्यात हरवेल. तुम्हाला लाकूड ऐकायचंय आणि पोरगी नको?”

दस्तगीर तिच्याकडं बघत होता. तंबोऱ्याच्या प्रकरणापासून त्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा उडाला होता आणि तो डोळ्यांनी ऐकायला लागला होता. कानात ‘पोरगी नको?’ हे शब्द सरळ, स्वच्छ आले. पण तिचे ओठ ‘प’वर मिटले, उघडले, पुन्हा मिटले, आणि तिसऱ्यांदा मिटले. मानेची शीर ताठ झाली होती.

त्यानं कर्णिका काढली आणि फरशीवर ठेवली. मग पुढं सरकून लेकीच्या हनुवटीखाली दोन बोटं टेकवली, दांडीला दात टेकवावेत तशी.

“परत बोल. शेवटचं.”

तस्लीमला काही कळेना, तरी ती बोलली. दस्तगीरच्या बोटांना हिसका लागला. मग दुसरा. मग तिसरा. मग मोकळा शब्द.

त्यानं कर्णिका पुन्हा लावली. “तू अजून अडखळतेस?”

“अजून म्हणजे?” तस्लीम म्हणाली. “अब्बा, मी कधी थांबले होते?”

दस्तगीरनं नुसतं कानामागच्या चकतीकडं बोट केलं.

“म्हणजे वर्षभर तुम्हाला…” ती बोलत होती आणि त्याच्या कानात तिचं दुःखसुद्धा इस्त्री करून येत होतं. गालांवरून पाणी वाहत होतं, ओठ वाकडे झाले होते, आणि आवाज मात्र विमानतळावरच्या बाईसारखा नितळ. “मला वाटायचं, माझ्या बापाला आता धीर आला. माझं वाक्य तोडत नाहीत, थांबतात माझ्यासाठी. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलंय, माझे अब्बा बदलले.”

“मी थांबत नव्हतो बेटा,” दस्तगीर म्हणाला. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते त्याला जमलं नाही. “मला कळतच नव्हतं.”

मग तस्लीमनं पदरानं तोंड पुसलं. लहानपणी वर्गात पोरं चिडवायची तेव्हा तिचा चेहरा जसा कठीण व्हायचा, तसा तो झाला.

“तुमची जवारी त्यांच्या कचऱ्यात आणि माझं बोलणंही त्यांच्या कचऱ्यात,” ती म्हणाली. “कुणाला विचारून? उद्या माझी सुट्टी आहे. पद्माकडं जाऊ. हुबळीला मी कळवते.”

“आणि तुझं ड्युटीचं?”

“माणसं आहेत ना वॉर्डात. घरी येऊन हाक मारतील. पण अब्बा, एक अट आहे. ते उघडल्यावर तुम्हाला सगळं ऐकू येणार. माझं वाक्य पुरं करायचं नाही. एकदासुद्धा.”

दस्तगीरनं कानाच्या पाळीला हात लावला.

*

पद्मानं डिंक फोडला तेव्हा फार काही झालं नाही. तस्लीमच्या पर्समध्ये फोन एकदा थरथरला. ‘सीलभंग आढळला. कुटुंब प्लॅन स्थगित.’ त्यानंतर फोनच्या डोक्यावरच्या रेघा गेल्या. हुबळीच्या जावयाचा फोनही त्याच क्षणी मेला असणार.

“गेली बया चुगली करून,” पद्मा म्हणाली आणि तिनं दोन ठिपके जोडले.

चकती हाडावर बसताच दस्तगीरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. रिक्षांचे भोंगे, शटर, भाजीवाल्याची आरोळी, पद्माचा पंखा, कुठंतरी पडलेलं पातेलं, सगळं एकदम. माणसं बोलत होती की भांडत होती, काही उमगेना. त्यात चकती स्वतःच हाडावर खडखडत होती. दस्तगीरनं ती काढली, नीट न्याहाळली, खिशातून सुताची गुंडी काढली आणि चकतीखाली सुताचा एक वेढा बसवून ती पुन्हा लावली. खडखड थांबली.

पद्मा हसायला लागली. “मामा, हे कुठल्याच माहितीपुस्तकात नाही हां.”

तस्लीम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “अ… अ… अब्बा,” ती म्हणाली, “ऐ… ऐ… ऐकू…”

‘येतंय’ हा शब्द दस्तगीरच्या जिभेच्या टोकाशी आला. त्यानं दात घट्ट मिटले.

“…येतंय?” तस्लीमनं वाक्य पुरं केलं.

आवाज थोडा घोगरा होता. तिच्या आईचा होता तसा. वर्षभरात हे त्याला एकदाही कळलं नव्हतं.

“येतंय,” तो म्हणाला.

*

पुढचा महिना सोपा गेला असं कुणी म्हणू नये. दस्तगीरचं डोकं ठणके. जेवताना ताटाचा आवाज मोठा आणि तस्लीम लहान. पण गोंगाट निवडायचं खरं यंत्र कानामागं नसतं, कवटीच्या आत असतं. पोटातल्या बाळाचं ते यंत्र जन्माआधीच शिकायला लागतं आणि म्हातारपणीही शिकू शकतं. फक्त त्याला काम द्यावं लागतं. वर्षभर ते काम टॉवर करत होता, म्हणून ते बसून होतं. आता ते कुरकुरत उठलं. तिसऱ्या आठवड्यात पंखा मागं सरकला. चौथ्यात रस्त्यावरच्या आवाजांतून माणसं सुटी झाली. तस्लीम समोर बसून मुद्दाम लांबलचक गोष्टी सांगायची. एखादा शब्द उंबरा ओलांडत नसला की दस्तगीर पायजम्याची नाडी मुठीत आवळून बसायचा, पण बोलायचा नाही.

फोनचे हाल झाले. पद्मानं दिलेला जुना फोन दुसऱ्या कंपनीचा, आणि त्याला रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. दवाखान्यातला माळी सायकलवरून येऊन ‘सिस्टर, बोलावलंय’ म्हणून हाक मारायचा. दोनदा तस्लीमला उशीर झाला, एकदा मेट्रननं फाडफाड बोलून घेतलं. जावई हुबळीहून आला तो तणतणतच आला. बायकोनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, तिच्या गतीनं, पाऊण तास लावून. मग तो स्वतःच जुना फोन घेऊन गच्चीच्या त्या कोपऱ्यात गेला.

दस्तगीरनं वडिलांच्या पेटीतून उंटाच्या हाडाची एक जुनी घोडी काढली. कानस हलकी धरली. प्रत्येक हातानंतर तार छेडायची, दांडीला दात टेकवायचे, मग कानानं ऐकायचं, आणि दोघांचं जमेपर्यंत कानस खाली ठेवायची. बाविसाव्या दिवशी सूत सरकवता सरकवता तार उघडली. स्टुडिओतल्यासारखी गुळगुळीत नव्हे. किंचित करकरीत, काठाला थरथरणारी, आणि याच भोपळ्याची, याच लाकडाची. दस्तगीरला आनंद झाला, पण रडू आलं नाही. त्यानं उरलेल्या तीन तारा घेतल्या.

विमलताई गुरुपौर्णिमेच्या चार दिवस आधी आल्या. तंबोरा मांडीशी घेतला, चारही तारा छेडल्या आणि त्या गप्प बसल्या. त्यांनी पुन्हा छेडल्या. डोळे मिटले. मग हळूच षड्ज लावला आणि त्यातच राहिल्या.

“बोलतोय,” शेवटी त्या म्हणाल्या. “दस्तगीरभाई, गुरुजींच्या वेळी बोलायचा तसा बोलतोय.”

*

‘सेतू’चं पत्र कागदावर आलं, कारण दुसरा रस्ताच त्यांनी बंद केला होता. प्रत्यक्ष येऊन एका अर्जावर सही करा, नवी सीलबंद कर्णिका घ्या, कुटुंब प्लॅन त्याच दिवशी सुरू होईल, वर ‘संगीत प्लस’ वर्षभर मोफत. अर्जात एकच वाक्य होतं: ‘सील माझ्या नजरचुकीनं तुटलं असून त्याबद्दल मी क्षमा मागतो.’

बाप-लेकी सेवा केंद्रात गेली तेव्हा अकरा वाजले होते आणि मागं रांग होती. रांगेत दोघातिघांच्या कानांमागं चकत्या दिसत होत्या. काउंटरवर तोच तरुण. त्यानं दस्तगीरला ओळखलं आणि अर्ज, पेन, सगळं हसून पुढं सरकवलं.

“इथं सही काका. पाच मिनिटांचं काम.”

दस्तगीरनं पेन उचललं नाही. “हिला बोलायचंय,” तो म्हणाला आणि बाजूला झाला.

तस्लीम काउंटरशी आली. अनोळखी माणसांसमोर, रांगेसमोर बोलायचं म्हणजे तिचं रक्त पाणी होई. शाळेपासून तसंच. तिनं काउंटरची कड धरली.

“आ… आ… आमच्याकडून न… नजरचूक झालेली नाही,” ती म्हणाली. “आम्ही सील मु… म… म…”

शब्द अडला. मानेची शीर ताठ झाली. रांगेतलं कुणीतरी खाकरलं. तरुणाला तिची कीव आली असावी. तो मदतीला धावला. “माफी मागतो, असंच ना मॅडम? तेच लिहिलंय अर्जात. नुसती सही करा.”

दस्तगीरनं काउंटरवर तळहात ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला. “तिचं वाक्य व्हायचंय.”

“पण काका, मागं लोक…”

“लोक थांबतील. तुम्हीही थांबा. मी सासष्ट वर्षांचा होऊन शिकलो, तुम्ही लवकर शिका.”

वरचा पंखा किरकिरत होता, बाहेर कुणीतरी भोंगा वाजवत होतं, आणि दस्तगीरला ते सगळं ऐकू येत होतं. त्याला पुढचा शब्द माहीत होता. तो त्यानं गिळून टाकला आणि लेकीच्या ओठांकडं बघत उभा राहिला.

“म… मु… मु…” तस्लीमनं श्वास घेतला. “मुद्दाम तोडलं. लि… लिहून घ्या.”